पवना धरणाच्या तळाचा नकाशा आमच्या अप्पांच्या डोक्यात आहे: जलसंपदा मंत्र्यांना खुलं पत्र

मा. जलसंपदा मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

साहेब, नमस्कार.

पत्र लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो. मी मावळातला, पवना धरणाच्या काठावर टेंट लावणारा माणूस. खात्याच्या कागदात मी बहुतेक अतिक्रमण असेन, पर्यटनवाल्यांच्या कागदात साहसी पर्यटन, आणि आमच्या घरात याला धंदा म्हणतात. बावीस टेंट, एक पत्र्याचं किचन, चार बाथरूम, दोन पोरं कामाला आणि स्वयंपाकाला आई आणि वहिनी. ज्या पाण्याकडे बघायला लोक येतात त्या पाण्याखाली आमची जमीन आहे, त्यामुळे अतिक्रमण कोणी कोणावर केलं हा विषय आज काढत नाही, काढला तर मूळ मुद्दा राहून जाईल.

मुद्दा पाण्यात उतरणाऱ्या माणसांचा आहे.

ऑक्टोबर संपत आला की आमचा सिझन चालू होतो तो काजवे संपेपर्यंत, म्हणजे जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत. शनिवारी दुपारी पुण्या-मुंबईच्या गाड्या यायला लागतात. समोर तुंग, एका अंगाला तिकोना, मागे लोहगड-विसापूर, मधे पाणी, आता असं दिसल्यावर कोण घरी बसेल? माणशी हजार-बाराशे घेतो, त्यात संध्याकाळी चहा-भजी, रात्री बार्बेक्यू आणि जेवण, सकाळी पोहे. आणि प्रत्येक ग्रुपमधला एक तरी जण गाडीतून उतरल्या उतरल्या पहिला प्रश्न हाच विचारतो, दादा पाण्यात जायला चालतं ना?

मी म्हणतो नाही. बोर्ड पण लावलेत दोन, स्वतःच्या खर्चानं, लाल अक्षरात, पाणी खोल आहे पोहण्यास सक्त मनाई. त्यातल्या एका बोर्डावर कायम कोणाचा तरी ओला टॉवेल वाळत घातलेला असतो साहेब. यापेक्षा जास्त मला बोर्डाबद्दल काही सांगायचं नाही.

आता हे पाणी आतून कसं आहे ते सांगतो, कारण मुंबईत बसून फोटोत बघितलं तर ते तळ्यासारखं दिसतं आणि खरा घोळ तिथेच आहे. हा तलाव नाही, ही बुडालेली भातशेती आहे. मावळातली खाचरं तुम्ही बघितली असतील, उतारावर पायऱ्या पायऱ्यांनी उतरत जातात, प्रत्येक खाचराला बांध, आणि बांधाच्या खाली पुढचं खाचर तीन फूट, पाच फूट, कुठे पुरुषभर खाली. पाणी चढलं तेव्हा या पायऱ्या गेल्या कुठे नाहीत, आहेत तशा खाली आहेत. माणूस कमरेएवढ्या पाण्यात आरामात उभा असतो, मित्राला हाक मारतो, ये रे काय नाय खोल, आणि एक पाऊल मागे टाकतो, तो बांधावरून खाली. वरून कळायला मार्गच नाही, पाण्याचा रंग सगळीकडे सारखा. खाली पन्नासएक वर्षांचा गाळ, लोण्यासारखा मऊ, पाय टेकवून वर उसळी मारायला जावं तर पायच रुततो. एप्रिलमध्ये वरचं पाणी कोमट आणि छातीच्या खालचं एकदम गार, पोटरीत गोळा येतो तो तिथेच. समुद्रात पोहून आलेला माणूस तर इथे हमखास फसतो कारण खारं पाणी जसं उचलून धरतं तसं हे गोडं पाणी धरत नाही.

आणि सगळ्यात बेकार गोष्ट म्हणजे हा काठ एका जागी राहत नाही. पावसाळा संपता संपता धरण भरलेलं असतं, पाणी माझ्या किचनपासून दगड मारल्यावर पडेल एवढ्यावर. मार्चमध्ये तेच पाणी दोन खाचरं खाली गेलेलं, मे मध्ये तर चालत जाऊन दम लागतो. म्हणजे जानेवारीत जिथे गुडघाभर पाणी होतं म्हणून मी एखाद्याला सांगितलं की इथे पाय भिजव, ती जागा मार्चमध्ये कोरडी आणि पाण्याची कड आलेली नेमकी बांधाच्या तोंडावर. कायमचा बोर्ड ठोकून याचं उत्तर कसं मिळणार?

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट, आमच्याच कॅम्पवरची. रविवारची सकाळ, पोह्यांची गडबड, एक कॉलेजचा ग्रुप. त्यातला एक मुलगा पाण्यात उभा, बाकीचे काठावर रील काढत होते. मी किचनमधून बघितलं तर तो गळ्याएवढ्या पाण्यात, तोंड वर, दोन्ही हात पाण्यावर असे दाबल्यासारखे करतोय. मला वाटलं मजा करतोय. माझी वहिनी म्हणाली, तो बुडतोय. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही साहेब, ओरडायला छातीत हवा लागते आणि तिथे तर हवाच मिळत नसते. मी धावलो, हाताला लागला तो तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन, त्याला टेंटची नायलॉन दोरी बांधली आणि फेकला. पहिल्यांदा गेला तिसरीकडेच. दुसऱ्यांदा त्याच्या हाताला लागला. मी उडी मारली नाही, पोहता येत असून मारली नाही, कारण बुडणारा माणूस वाचवायला आलेल्याच्या डोक्यावर चढतो हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, पण त्याचे दोन मित्र मात्र उडी मारायच्या तयारीत होते, त्यातल्या एकाला पोहता येत नव्हतं. एकाच्या मागे तिघं जातात ते असे.

तो दिवस उजाडेपर्यंत माझ्याकडे फेकायची दोरी नव्हती हे इथे कबूल करतो. बावीस टेंट होते, स्पीकर होता, फेअरी लाईट होत्या, दोरी नव्हती. आता चार जागी टांगलेली आहे, प्रत्येकीला बंद कॅन, आत थोडंसं पाणी म्हणजे वाऱ्यावर उडत नाही, नेमका पडतो.

त्याच सिझनला आमच्या पलीकडच्या एका कॅम्पवर असाच एक जण गेला आणि तो वाचला नाही. बाहेर काढला तेव्हा लोकांनी त्याला पालथा टाकून पोट दाबायला घेतलं, पाय धरून उलटा करायचं पण कोणीतरी बोललं. नंतर एका रेस्क्यू टीमच्या पोरांनी आम्हाला शिकवलं की पोटातलं पाणी काढत बसायचंच नाही, श्वास बंद असेल तर आधी तोंडानं श्वास द्यायचा आणि छाती दाबायला घ्यायची, १०८ ला फोन दुसऱ्यानं करायचा. एका दुपारचं शिक्षण आहे हे. त्या दिवशी तिथे असलेल्या चाळीस माणसांत ते कोणालाच नव्हतं, मलाही नव्हतं. असे गेलेले लोक शोधायला पाण्यात कोण उतरतं तर लोणावळ्याच्या शिवदुर्ग या बचाव संस्थेची पोरं आणि आमच्या मावळच्या वन्यजीव रक्षक संस्थेची पोरं, रात्री-अपरात्री, नोकरी-धंदा सांभाळून. त्यांचे हात जोडून आभार, पण त्यांना फोन जातो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

मग प्रत्येक वेळी सरकार काय करतं ते पण बघू. ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच घरातली पाच माणसं वाहून गेली, व्हिडिओ सगळ्या देशानं बघितला, आणि लगेच बंदीचे आदेश निघाले. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल रविवारच्या गर्दीत कोसळला, चार जण गेले, परत आदेश. मी बंदीच्या विरोधात नाही, भर पावसात धबधब्याखाली कोणाला जाऊ देऊ नये हे मीही म्हणेन. पण बंदी म्हणजे पोलीस आहे तोवर बंदी. पोलीस चहाला गेला की लोक पाण्यात, आणि ते बिनबंदीच्या दिवसापेक्षा जास्त धोक्याच्या जागी, कारण रस्त्यावरून दिसू नये म्हणून झाडीमागून उतरतात. चांगली दिसणारी उथळ जागा बंद केली तर माणूस घरी जात नाही हो, तो वाईट जागी जातो.

आणि हे एकट्या मावळाचं नाही. २१ मे २०२४ ला उजनीच्या बॅकवॉटरमध्ये कळाशी-कुगावच्या मधे वादळी वाऱ्यात बोट उलटली, सहा जण गेले, ते तर टुरिस्ट पण नव्हते, रोजच्यासारखं नदीपलीकडे जायला निघालेले लोक. दोनच दिवसांनी अकोले तालुक्यात सुगावला प्रवरेत बुडालेल्यांना शोधायला गेलेल्या एसडीआरएफच्या, म्हणजे राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या बोटीचं तेच झालं, तीन जवान गेले. शिकलेले, याच कामाचे जवान. धरणाच्या आणि नदीच्या पाण्याला आपण अजून ओळखतच नाही असं मला वाटतं, आपल्याला ते फक्त टीएमसीमध्ये मोजता येतं.

आता मुद्द्यावर येतो. माझी मागणी साधी आहे आणि तिला पैसे पण फार लागत नाहीत.

मे महिन्यात पवनेचा तळ उघडा पडतो. पाण्यात गेलेलं वाघेश्वराचं जुनं दगडी मंदिर बाहेर येतं, लोक दर्शनाला जातात, पेपरात फोटो येतो. त्याच दिवसांत आमची खाचरं पण बाहेर येतात, बांध, पडकी जोती, तोडलेल्या झाडांचे बुंधे आणि विहिरी. आमच्या आजोबांची विहीर आमच्या टेंटपासून खाली उतरत गेलं की साधारण चारशे पावलांवर आहे, कडेचे दगड ढासळलेत, तोंड उघडं. पाणी वर असताना तिच्यावरून बोट जाते, पाणी उतरताना एक वेळ अशी येते की तिच्या बाजूला माणूस मांडीभर पाण्यात उभा राहू शकतो. पुढचं पाऊल विहिरीत. हे मला कोणी सांगितलं तर अप्पांनी, माझ्या थोरल्या चुलत्यांनी. धरणाचं पाणी चढलं तेव्हा ते विशीतले होते, आता पंच्याहत्तरी ओलांडलीये. ओढा कुठून वळायचा, कोणाचा ताल कुठे, कुठे काळवत्री खडक आहे आणि कुठे गाळाचा खड्डा, सगळं त्यांना पाठ आहे, काठावर बसून बोटानं दाखवतात, जिथे आम्हाला नुसतं पाणी दिसतं तिथे ते म्हणतात तिथे आंबा होता. प्रत्येक गावात असे चार-दोन म्हातारे उरलेत. साहेब, अजून दहा वर्षांनी नाही राहणार.

तर या मे महिन्यात तुमच्या खात्याचे शाखा अभियंते, चार सर्व्हेची पोरं आणि गावागावातले हे म्हातारे असे एकत्र काठानं फिरवा. विहिरी आणि पुरुषभर खोलीचे बांध नकाशावर घ्या, प्रत्येक विहिरीवर साखळीनं बांधलेला एक पिवळा फ्लोट टाका जो पाण्याबरोबर वर-खाली होईल. ज्या विहिरी बुजवता येतील त्या त्याच गाळानं बुजवून टाका, तो तर फुकट आहे. एवढं जरी केलं तरी बोर्डापेक्षा शंभर पट काम होईल.

त्याच नकाशातून दुसरी गोष्ट आपोआप निघते. काठावर अशी काही खाचरं आहेत जी रुंद आहेत, सपाट आहेत, खाली मुरूम आहे. दर दोन-तीन गावांमागे अशी एक जागा निवडा आणि तिथे पाण्यात उतरायला परवानगी द्या. हो, परवानगी. दोरी आणि फ्लोट लावून चौकोन आखा, पाणी उतरेल तसा महिन्याला तो चौकोन खाली सरकवा, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, गावातली दोन पोहणारी पोरं ट्रेनिंग देऊन पगारावर बसवा. पगार आम्ही टेंटवाले काढू, टेंटमागे आठवड्याला ठरावीक रक्कम भरायला मी पहिला उभा राहतो. मग मी गेस्टला नाही म्हणणार नाही, मी म्हणेन तिकडे जा. नाही ऐकणारा माणूस तिकडे जा ऐकतो, हा माझा सात वर्षांचा अनुभव आहे.

लाईफ जॅकेटचं पण एकदा बघा. बोटीवर जॅकेट आहे म्हणजे झालं असं कोणी समजू नका, क्लिप तुटलेल्या, फोम बसलेला, उन्हात कापड कुजलेलं, आणि मोठ्या माणसाचं जॅकेट लहान पोराला. ते पोर पाण्यात पडलं तर जॅकेट वर राहतं आणि पोर खालून निसटतं. साधी टेस्ट आहे, जॅकेट घातल्यावर खांद्याला धरून वर उचला, कानापर्यंत वर आलं तर ते जॅकेट शोभेचं. आमच्याकडे टेक्सासहून सुट्टीला आलेलं एक मराठी कुटुंब राहिलेलं, ते सांगत होते तिकडे बरीच धरणं आर्मी कॉर्प्स ऑफ इंजिनिअर्सकडे आहेत, म्हणजे धरण बांधणारं खातंच काठावरचे कॅम्पिंगचे पार्क पण चालवतं, आणि पाण्याजवळ लाकडी स्टँडवर लहान-मोठ्या मापाची जॅकेटं टांगलेली असतात, घ्या, वापरा, परत टांगा, पैसे नाहीत. आपल्याकडे टांगलेली राहतील का, हा प्रश्न मलाही पडला. पण टेंटवाल्याच्या जबाबदारीवर दिली तर राहतील.

आता कागदाचं. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, त्यात नोंदणी आहे, नियम आहेत, चांगली गोष्ट आहे. देशाचा इनलँड व्हेसल्स ॲक्ट, म्हणजे नदी-धरणातल्या बोटींचा कायदा, तो पण २०२१ चाच. पण आमच्यासारख्यानं सगळं कायदेशीर करायचं म्हटलं तर जमीन एकाकडे, पाणी दुसऱ्याकडे, बोट तिसऱ्याकडे, झाड चौथ्याकडे आणि ग्रामपंचायतीचा दाखला वेगळा. मी एकदा फाईल घेऊन फिरलोय, एका ऑफिसात सांगितलं की तुमचा विषय आमच्याकडे येत नाही आणि तो ज्यांच्याकडे येतो त्यांनी मला परत पहिल्याच ऑफिसात पाठवलं. हसू नका, तिथे दोन्हीकडे माणसं चांगली होती, चहा पण पाजला, फक्त विषय कोणाचाच नव्हता. माणूस बुडतो तेव्हाही तो कोणाचाच विषय नसतो. यासाठी पवनेला एक टेबल द्या, महिन्यातून दोन दिवस का होईना, पवनानगरला, जिथे पाचही खात्यांची सही एकाच खोलीत होईल.

आणि मोठं टेंडर काढून सगळा काठ एका कंपनीला देऊन टाकू नका. मुनावळ्याला कोयनेच्या शिवसागरावर २०२४ मध्ये जलपर्यटन सुरू झालं, जेट स्की, बोटी, छान आहे, आम्ही पण जाऊन बघून आलो. पण पवनेच्या काठावर धरणग्रस्तांनी आपल्या हिमतीनं उभा केलेला धंदा आहे, इथे आधी माणसं मोजा आणि मग प्लॅन आणा. या पाण्यासाठी आमच्या तालुक्यानं किंमत मोजलेली आहे. ९ ऑगस्ट २०११ ला बऊरला, पवनेचं पाणी बंद पाइपातून पिंपरी-चिंचवडला न्यायच्या योजनेविरुद्धच्या आंदोलनात गोळीबार झाला, तीन शेतकरी गेले. इथल्या माणसाला पवनेचं पाणी म्हटलं की आधी ते आठवतं, जेट स्की नाही.

आमची पण चूक सांगतो, नाहीतर म्हणाल टेंटवाला स्वतःचंच घोडं दामटतोय. काही जण संडासाची टाकी नीट बांधत नाहीत, सगळं उतारानं धरणात, आणि हे पाणी नदीतून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत जाऊन पिंपरी-चिंचवडच्या नळाला येतं. म्हणजे शनिवारी इथे येणारा गेस्ट पुढच्या आठवड्यात आपलंच... जाऊ दे. त्यावर खुशाल दंड लावा, जागा बंद करा, मी तक्रार करणार नाही. दारू पिऊन रात्री पाण्याकडे जाणारे असतात, मी रात्री दहानंतर काठावर दोरी ओढतो आणि एक पोरगा बसवतो, सगळे बसवत नाहीत. थंडीत बार्बेक्यूची शेगडी टेंटमध्ये ओढून चेन लावून झोपणारे पण भेटलेत, त्या धुराविना जळणाऱ्या कोळशानं माणूस झोपेतच जातो, वास सुद्धा येत नाही, म्हणून आमच्याकडे रात्री शेगड्या मोजून परत घेतो, गेस्ट चिडले तरी. हे नियम माझ्या मर्जीवर आहेत हाच प्रॉब्लेम आहे. ते सगळ्या काठाला सारखे असले पाहिजेत, म्हणजे जो पाळतो तो महाग आणि जो पाळत नाही तो स्वस्त असं होणार नाही.

बाकी पर्यटन वाढवा, रस्ते करा, हे तुम्हाला सगळेच लिहितात, मी लिहीत नाही. मला त्या पिवळ्या फ्लोटचं तेवढं बघा.

आणि शक्य झालं तर मे च्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एकदा स्वतः या, पाऊस यायच्या आधी. ताफा वर रस्त्यावर ठेवा, खाली गाडी येत नाही. सकाळी लवकर या म्हणजे ऊन लागणार नाही. अप्पांना काठी घेऊन बरोबर घेतो, हळू चालतात पण थांबत नाहीत. आमच्या विहिरीपर्यंत चालत जाऊ, वाटेत कोणाचं खाचर कुठलं ते ते सांगतील. बूट जुने घाला, चिखल आहे.

आपला,
पवनाकाठचा एक टेंटवाला